वेव्हमेकरभोवतीचा पिंजरा : उद्यमबागेत करून घेतलेल्या जाळीचा चौदा महिन्यांचा अनुभव

खाऱ्या पाण्याच्या टाकीत समुद्रपुष्प, म्हणजे आपण हौशी मंडळी ज्याला सरळ अ‍ॅनिमोन म्हणतो तो प्राणी, पाळणाऱ्याला आज ना उद्या एक वस्तू लागतेच. ती वस्तू म्हणजे पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या, अर्थात वेव्हमेकरच्या भोवती बसवायची संरक्षक जाळी. बेळगावात ती मला तयार मिळाली नाही. गोड्या पाण्यातल्या माशांचा व्यवहार आपल्याकडे बऱ्यापैकी आहे. समुद्री टाक्या ठेवणारे मात्र थोडे, आणि त्यांतही अ‍ॅनिमोन ठेवणारे त्याहून थोडे. त्यामुळे मी आधी एक जाळी ऑनलाइन मागवली, तिने दगा दिला, मग स्पंज वापरून पाहिला आणि शेवटी उद्यमबागेतल्या एका लहान वर्कशॉपमधून थ्री-डी प्रिंटरवर पिंजरा छापून घेतला. हे परीक्षण मुख्यतः त्या पिंजऱ्याचे आहे, परंतु पहिल्या दोन वस्तूंची हकीकत सांगितल्याशिवाय तिसरीचे मोल कळणार नाही.

माझी टाकी सुमारे दोनशे लिटरची आहे. पाणी आर.ओ. करून त्यात समुद्री मीठ मिसळतो. क्षारता दर हजारी पस्तीसच्या आसपास आणि तापमान सव्वीस अंशांवर ठेवतो. गोव्याहून समुद्राचे पाणी आणण्याचा सल्ला मला पुष्कळांनी दिला, पण पावसाळ्यात किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ आणि नद्यांच्या पाण्याने पातळ झालेले असते, तेव्हा त्या वाटेला मी गेलो नाही. टाकीत एक बबल टिप जातीचे अ‍ॅनिमोन आहे आणि त्यात राहणारी ऑसेलॅरिस क्लाउनफिशची एक जोडी. निसर्गात ऑसेलॅरिस हा मासा बबल टिपमध्ये राहत नाही, त्याची यजमान समुद्रपुष्पे वेगळी आहेत. टाकीत मात्र तो या जातीशी सहज जुळवून घेतो. पाणी ढवळण्यासाठी ताशी चार हजार लिटर क्षमतेचा एक डी.सी. वेव्हमेकर आहे.

ज्यांनी हा प्राणी पाळलेला नाही त्यांना प्रश्न पडेल की दगडाला चिकटून बसलेल्या जिवाला पंपापासून कसला धोका. धोका आहे, कारण अ‍ॅनिमोन चालते. त्याच्या तळव्याची पकड सैल करत, सरकत, ते एका रात्रीत टाकीच्या या टोकापासून त्या टोकाला पोहोचू शकते. नवे आणलेले असले, प्रकाश कमी-जास्त झाला, पाण्याचा ओघ आवडला नाही किंवा एकाचे दुभंगून दोन झाले, की त्याची भ्रमंती सुरू होते. अशा भ्रमंतीत ते पंपाच्या खेचणाऱ्या बाजूजवळ गेले, तर आधी एखादा संस्पर्शक, म्हणजे बोटासारखा लांब तंतू, आत ओढला जातो, मग अंगाची घडी आणि मग पात्याखाली जे होते ते लिहवत नाही. शिवाय नुकसान त्या एका प्राण्यापुरते राहत नाही. चिरडलेल्या अंगातल्या दंशकोशिका आणि मांसाचे कण पाण्यात पसरतात, अमोनिया वाढतो आणि टाकीतले इतर जीवही दगावू शकतात.

माझ्याकडे हे गेल्या वर्षी आषाढात घडले. त्या वेळी पंपावर ऑनलाइन मागवलेली एक जाळी होती. विकणाऱ्याचे नाव मी येथे देत नाही. जाहिरातीत ‘अ‍ॅनिमोनसाठी शंभर टक्के सुरक्षित’ असे छापलेले होते, एवढे सांगतो. रात्री अकराच्या सुमारास पावसात वीज गेली आणि अडीचच्या पुढे कधीतरी आली. पहाटे साडेपाचला दिवा लावला तेव्हा टाकीतले पाणी ताकासारखे पांढुरके झाले होते आणि बशीएवढे अ‍ॅनिमोन पंपाच्या मागच्या बाजूला, अर्धा तळवा जाळीच्या उभ्या फटींतून आत, अशा अवस्थेत लोंबत होते. फटींतून बाहेर आलेल्या तपकिरी तंतूंना पंपाच्या झोतात हेलकावे बसत होते. क्लाउनफिशची मादी त्याच्याभोवती गरगर फिरत होती आणि माझा हात पाण्यात गेला तेव्हा हातालाच चावली.

अशा वेळी काय करावे ते सांगून ठेवतो, कारण घाबरून माणूस नेमके उलटे करतो. पंप भिंतीवरच्या बटणावरून बंद करावा. अ‍ॅनिमोनला ओढू नये. ओढल्याने जे उरले आहे तेही फाटते. मी पंप प्राण्यासकट, पाण्याबाहेर न काढता, टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत घेतला, पंपाची पुढची झाकणी फिरवून काढली आणि वाट पाहिली. पाऊण तासाने त्याने स्वतः पकड सोडली. दरम्यान टाकीतले सुमारे चाळीस टक्के पाणी बदलले, फिल्टरमध्ये ताजा सक्रिय कोळसा घातला आणि स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारे यंत्र, जोरात चालू ठेवला. तोंड आणि तळव्याचा बराच भाग शाबूत असेल तर हा प्राणी जखम भरून काढतो, असे वाचले होते, आणि माझ्या नशिबाने तसेच झाले. तीन आठवडे ते सुपारीएवढे आकसून दगडाच्या कपारीत बसले होते, मग हळूहळू उघडले.

आता ती जाळी का फसली याकडे वळतो, कारण या परीक्षणात मला मुख्यतः तेच सांगायचे आहे. मी एका पतसंस्थेत हिशेब पाहतो, आणि कोणतीही गोष्ट आकड्यांत मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. पंप ताशी चार हजार लिटर पाणी खेचतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ११०० घनसेंटिमीटर. ती जाळी पंपाच्या अंगाला घट्ट बसणारी, टोपीसारखी होती. तिच्या सगळ्या फटी मोजून उघडी जागा जेमतेम २५ चौरस सेंटिमीटर भरली. भागाकार केला की फटींपाशी पाण्याचा वेग सेकंदाला ४४ सेंटिमीटर येतो. पंपाच्या मूळ झाकणीपाशीही जवळपास हाच वेग होता. म्हणजे पैसे देऊन मी ओढ तेवढीच ठेवली होती आणि फक्त ती पात्यापासून अर्धा सेंटिमीटर बाहेर आणली होती. मऊ अंगाच्या प्राण्याला एवढ्या ओढीत चिकटायला वेळ लागत नाही, आणि लांब उभी फट असली की अंगाची घडी तिच्यात सहज शिरते.

जाळी निवडताना बहुतेक जण छिद्र किती बारीक आहे ते पाहतात. मीही तेच पाहिले होते. परंतु छिद्र बारीक केले आणि जाळी पंपाला चिकटलेलीच ठेवली, तर उघडी जागा आणखी कमी होऊन ओढ वाढते. पाहायला हवी ती सगळ्या छिद्रांची मिळून होणारी जागा, आणि ती वाढवायची तर जाळीचा घेर मोठा करून तिला पंपापासून दूर उभे करावे लागते. हे कळायला मला एक आषाढ लागला.

स्पंजच्या खोळीविषयी थोडक्यात. जाड छिद्रांचा काळा फिल्टर-स्पंज पंपाभोवती गुंडाळणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मऊ उपाय आहे, आणि नवे अ‍ॅनिमोन आणल्यावर पहिले आठ-दहा दिवस मी आजही तो करीन, कारण स्पंजवर येऊन बसले तरी त्याला ओरखडासुद्धा पडत नाही. पण चौथ्या-पाचव्या दिवशी तो घाणीने भरतो, पंपाचा झोत निम्म्यावर येतो आणि न धुतलेला स्पंज पाण्यातले नायट्रेट वाढवत राहतो. आठवड्यातून दोनदा स्पंज पिळणारा मनुष्य मी नव्हे, हे मला दोन महिन्यांत समजले. घरगुती उपायांपैकी चहाची स्टीलची गाळणी पंपावर बांधण्याची कल्पना एका मित्राने सुचवली होती. साधे स्टेनलेस स्टील खाऱ्या पाण्यात कायम बुडवून ठेवले की त्यावर गंजाचे ठिपके पडतात. आणि गाळणीला पितळेचा एखादा रिव्हेट असला तर तांबे पाण्यात उतरून अ‍ॅनिमोनसारख्या अपृष्ठवंशी जिवांना ते विषच ठरते. ती कल्पना मी तिथेच सोडली.

उद्यमबाग ही आपली फाउंड्री आणि मशिन शॉपची वसाहत. तिथे एका गाळ्यात हायड्रॉलिकचे सुटे भाग करणारे एक गृहस्थ नमुन्यांसाठी थ्री-डी प्रिंटर वापरतात, असे कानावर आले होते. कागदावर काढलेला आराखडा आणि कोरडा केलेला पंप घेऊन मी गेलो. त्यांनी पंप हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “सर, ह्यो पंप गाळ वढणार न्हाई, मग जाळी कशाला?” मी सांगितले की आत एक फुलासारखा प्राणी आहे आणि तो रात्री चालत जाऊन पंपात शिरतो. ते क्षणभर थांबले, मग मदतनिसाला कन्नडमध्ये काहीतरी सांगितले आणि दोघेही हसले. पण त्यानंतर व्हर्नियर काढून पंपाचे प्रत्येक माप दोन-दोनदा घेतले, आणि माझा आराखडा बाजूला ठेवून स्वतःचा काढला. त्यांचा बरोबर होता.

त्यांनी केलेला पिंजरा म्हणजे नऊ सेंटिमीटर व्यासाचे आणि तेवढ्याच लांबीचे नळकांडे आहे. मागची बाजू जाळीनेच बंद केलेली. कडेच्या भिंतीही जाळीदार. मी उभ्या फटी काढल्या होत्या; त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चार मिलिमीटरची षट्कोनी छिद्रे घेतली आणि दोन छिद्रांमधली भिंत दीड मिलिमीटरची ठेवली. असे केले की एकूण पृष्ठभागाच्या निम्म्याहून किंचित जास्त जागा उघडी राहते. कडा आणि मागची बाजू मिळून पृष्ठभाग सुमारे ३१८ चौरस सेंटिमीटर, त्यातली उघडी जागा १६०च्या आसपास. पुन्हा भागाकार : सेकंदाला सात सेंटिमीटर. चव्वेचाळीसवरून सात. जाळी अर्धी घाणीने भरली तरी वेग चौदावर राहील, हा त्यातला खरा दिलासा, कारण टाकीतली कोणतीही जाळी फार काळ स्वच्छ राहत नाही. पात्यापासून जाळीचे अंतर सर्व बाजूंनी किमान दीड सेंटिमीटर आहे.

साहित्याविषयी त्यांनीच बजावले. थ्री-डी छपाईच्या प्लॅस्टिकांपैकी पी.एल.ए. स्वस्त पडते, पण ते कालांतराने ठिसूळ होत जाते. कायम पाण्यात ठेवायच्या वस्तूला पी.ई.टी.जी. हे दुसरे प्लॅस्टिक बरे. रंग काळा घेतला, कारण शेवाळ काळ्यावर कमी दिसते. छपाईला सुमारे आठ तास लागले. आराखड्याचे नऊशे आणि प्रत्येक पिंजऱ्याचे साडेपाचशे असा हिशेब झाला. मी दोन घेतले, एक पंपावर आणि एक धुवायला, म्हणजे एकूण दोन हजार रुपये. दुकानातल्या जाळीच्या मानाने ही रक्कम जास्त आहे. पण एका बबल टिपची किंमत आणि पुण्याहून रात्रीच्या बसने ते मागवण्याचा खर्च धरला, तर तक्रार करण्यासारखी नाही.

बसवणी तीन खाचांची आहे. पिंजरा पंपावर सरकवून किंचित फिरवला की तो अडकतो. पहिल्या नगात ही पकड सैल निघाली आणि पंप सुरू झाला की घड्याळाच्या टिकटिकीसारखा आवाज येई. दिवाणखान्यात तो रात्री चांगलाच जाणवत असे. परत नेला तेव्हा त्यांनी दुसरे काही न विचारता खाच पाव मिलिमीटरने घट्ट करून नवा छापून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून आवाज नाही.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव पुढच्या बाजूची. पंप चालू असताना पुढून झोत बाहेर येतो, त्यामुळे तिकडून काही आत ओढले जाण्याचा प्रश्न नसतो, या समजुतीने आम्ही पहिल्या नगाची पुढची बाजू उघडीच ठेवली होती. पण वीज गेल्यावर झोत थांबतो. टाकीतला ओघ थांबला, प्राणवायू कमी होऊ लागला की अ‍ॅनिमोन जागा सोडते, आणि थांबलेला पंप त्याच्या लेखी एक छानशी कपार असते. माझ्याकडे पहिला अपघात असाच झाला असणार. सप्टेंबरमध्ये, दीड तास वीज गेलेली असताना, त्याचे तीन-चार संस्पर्शक पुढून पात्यापर्यंत पोहोचलेले मी टॉर्चच्या उजेडात स्वतः पाहिले. त्या रात्री मी जागा होतो म्हणून पंपाचे बटण बंद करता आले. नंतर पुढच्या बाजूला आठ-आठ मिलिमीटर अंतराच्या आडव्या पट्ट्यांची झाकणी बसवून घेतली. तिने झोत थोडा अडतो. टाकीच्या दुसऱ्या टोकाची वाळू पूर्वी हलत असे, ती हलेनाशी झाली, म्हणून नियंत्रकावर वेग एक पायरी वाढवावा लागला. वेग वाढवला म्हणजे खेचही वाढली, हे ओघाने आलेच, पण अजूनही ती दहाच्या आत असावी असा माझा हिशेब सांगतो.

विजेचा प्रश्न जाळीने पूर्ण सुटत नाही, म्हणून त्याविषयी वेगळे लिहितो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते आणि येते, आणि येते तेव्हा पंप आपोआप सुरू होतो. सगळा धोका त्या सुरू होण्याच्या क्षणात साठलेला असतो. वर्कशॉपच्या मालकांनी पिंजरा देताना सहज विचारले की लेथ मशीन वीज आल्यावर आपोआप सुरू होत नाही, हिरवे बटण दाबावे लागते, मग तुमच्या पंपाला तसे का नाही? मी निरुत्तर झालो. इकडच्या ऊस-पट्ट्यात शेतकरी मोटारीच्या स्टार्टरला मुद्दाम ऑटो बसवतात, म्हणजे रात्री दोनला वीज आली तरी मोटार चालू व्हावी. मला नेमके त्याच्या उलट हवे होते. त्यांनी एका साध्या रिलेवर तशी लहानशी पेटी करून दिली. आता वीज गेली की वेव्हमेकर बंद होतो तो बंदच राहतो, आणि मी टाकीवर नजर टाकून बटण दाबल्यावरच सुरू होतो. दरम्यान पाणी अगदी थांबू नये म्हणून खालच्या फिल्टरच्या टाकीतून पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप घरच्या इन्व्हर्टरवर टाकला आहे. तो पंप वरच्या टाकीत नसल्यामुळे अ‍ॅनिमोनला त्याचा थेट धोका नाही. फक्त वरच्या टाकीतले पाणी जिच्यातून खाली उतरते त्या पेटीच्या दात्यांवर याच षट्कोनी जाळीचा एक सपाट तुकडा छापून लावला. ज्यांचा वेव्हमेकर २४ व्होल्टचा आहे त्यांना तो थेट बॅटरीवरही चालवता येईल, मग तो थांबणारच नाही. तो मार्ग माझ्या पेटीपेक्षा चांगला आहे, हे मी कबूल करतो.

दुसरी उणीव सफाईची. पिंजऱ्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून त्यावर शेवाळही मोठे. दर तीन आठवड्यांनी मी पिंजरा बदलतो. काढलेला पिंजरा किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर ठेवतो आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासतो. गुलाबी चुनखडी शेवाळाचा थरही त्याने सुटतो. उकळते पाणी वापरू नये. मी एकदा वापरले आणि पिंजऱ्याचे तोंड लंबगोल झाले, ते पंपावर बसेना. चूक माझी होती, आणि तिसरा पिंजरा साडेपाचशे रुपये देऊन घ्यावा लागला.

तिसरी उणीव दिसण्याची. टाकीच्या कोपऱ्यात काळा डबा दिसतो. सौभाग्यवतींनी त्याला पहिल्याच दिवशी ‘उंदराचा पिंजरा’ हे नाव दिले आणि घरात तेच रूढ झाले आहे. पाहुण्यांना समजावून सांगावे लागते. यावर मला उपाय सापडलेला नाही. पंप दगडाआड लपवला तर मागून येणारे पाणी अडते.

चौदा महिन्यांत अ‍ॅनिमोन चार वेळा पिंजऱ्यावर येऊन बसलेले मी पाहिले. दोनदा ते पूर्ण तळवा टेकवून बसले होते, आणि जाळीच्या आत एकही संस्पर्शक गेलेला नव्हता. एकदा मी पंप बंद करून ते आपण होऊन उतरते का ते पाहिले. चाळीस मिनिटांत ते खालच्या दगडावर गेले आणि तळव्यावर षट्कोनी ठसे तेवढे उमटलेले होते, तेही संध्याकाळपर्यंत गेले. या फेब्रुवारीत त्याचे दुभंगून दोन झाले. धाकटे पहिले आठ दिवस टाकीभर फिरले आणि त्या आठ दिवसांत मी रात्री निवांत झोपलो, यापलीकडे या वस्तूची पावती मला देता येणार नाही.

ही वस्तू कोणी घ्यावी? ज्यांच्याकडे बबल टिपसारखे फिरते समुद्रपुष्प आणि काचेला चुंबकाने चिकटणारा वेव्हमेकर आहे, त्यांनी घ्यावी. टाकी पन्नास-साठ लिटरची असेल तर नऊ सेंटिमीटरचा पिंजरा फार जागा खाईल. तिथे कमी क्षमतेचा पंप आणि नियमित पिळलेला स्पंज हेच बरे. आणि ज्यांची टाकी सहा महिन्यांचीही झालेली नाही, त्यांनी पिंजऱ्याआधी अ‍ॅनिमोनची खरेदीच पुढे ढकलावी, कारण न मुरलेल्या टाकीत ते हमखास भटकते. पाचपैकी चार गुण मी देतो. अर्धा गुण पुढच्या झाकणीसाठी कापला आणि अर्धा सफाईसाठी. पुढची झाकणी बिजागरीवर उघडेल अशी करता येईल का, म्हणजे पंप न काढता आत ब्रश घालता येईल, असे मी गेल्या आठवड्यात त्या गृहस्थांना विचारले आहे. बिजागरीची पिन स्टीलची चालणार नाही हे सांगितल्यावर ते नायलॉनची कांडी कुठे मिळते ते पाहतो म्हणाले आहेत.